बुडालेल्या आरमाराचा बाजारभाव

आपल्या गावात महिन्या-दोन महिन्यांनी भंगारवाला येतो. त्याची हाक ऐकली की घरातली पोरे परसात धावतात. तुटका फाळ, भोक पडलेले घमेले, मोटेचे गंजलेले चाक, कधी एखादा चेपलेला पितळी तांब्या, असे काहीबाही गोळा होते. भंगारवाला ते काट्यावर घालतो आणि भाव सांगतो. मग घरधनी म्हणतो, "अरे बाबा, हा फाळ घेतला तेव्हा किती पैसे मोजले होते ठाऊक आहे का?" भंगारवाला शांतपणे उत्तर देतो, "दादा, तुम्ही फाळाचे मोजले असतील. मी लोखंडाचे देतो. आणि हे लोखंड मला तालुक्यापर्यंत न्यायचं आहे, त्याचं भाडं कोण देणार?"

मंडळी, भंगाराच्या धंद्याचे सगळे शास्त्र या दोन वाक्यांत आले. पहिले वाक्य सांगते की वस्तू मोडीत निघाली की तिचे नाव जाते आणि वजन उरते. दुसरे वाक्य सांगते की त्या वजनाला भाव आहे हे खरे, पण ते हलवायला पैसा लागतो, आणि नफा-तोटा ठरतो तो तिथे. आज मी तुम्हांला अशाच एका भंगाराच्या सौद्याची हकीकत सांगणार आहे. माल मात्र थोडा मोठा होता. एका बलाढ्य राष्ट्राचे अख्खे आरमार होते, आणि ते समुद्राच्या तळाशी पडलेले होते.

ही गोष्ट आहे पहिल्या महायुद्धानंतरची. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले. जर्मनी हरला होता, पण त्याचे आरमार शाबूत होते. तहाची बोलणी पुरी होईपर्यंत हे आरमार कुठे ठेवायचे, असा प्रश्न आला. तेव्हा ७४ जर्मन जहाजे स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी बेटांत नेऊन ठेवली. तिथे बेटांच्या कड्याने वेढलेले एक मोठे शांत पाणी आहे. त्याचे नाव स्कापा फ्लो. आपल्याकडे चौफेर डोंगर आणि मधोमध तळे असावे तसे ते दिसते, फक्त ते तळे खाऱ्या पाण्याचे आणि कित्येक मैलांचे. जहाजांवर थोडे जर्मन खलाशी ठेवले होते आणि त्यांचा प्रमुख होता ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर.

सात महिने ही जहाजे तिथे नांगरून पडली. खलाशांना किनाऱ्यावर उतरायची परवानगी नव्हती. वर्तमानपत्रे येत ती चार-चार दिवस शिळी. तहाची मुदत संपत आली आहे, एवढे त्या शिळ्या पत्रांतून रॉयटरला कळले होते. मुदत वाढवली गेली आहे, हे मात्र त्याच्यापर्यंत पोचले नव्हते. आपली जहाजे आता शत्रूच्या हाती पडणार, असे त्याला वाटले. २१ जून १९१९ रोजी सकाळी पहाऱ्यावरचा इंग्रजी ताफा सरावासाठी बाहेर पडला, आणि रॉयटरने आधी ठरवलेला इशारा दिला. खलाशांनी जहाजांच्या बुडातल्या झडपा उघडल्या. समुद्र आत शिरला.

शिक्षकमंडळींना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच दिवशी जवळच्या स्ट्रॉमनेस गावच्या शाळेची सहल एका छोट्या बोटीतून हे जर्मन आरमार पाहायला निघाली होती. मुले मोठ्या जहाजांमधून जात असतानाच आजूबाजूची जहाजे कलू लागली, पालथी होऊ लागली, पाण्यात बुडबुडे उसळू लागले. इतिहासाच्या पुस्तकात पुढे जे छापून यायचे होते ते त्या पोरांनी डोळ्यांनी पाहिले. संध्याकाळपर्यंत ७४ पैकी ५२ जहाजे तळाला गेली. इंग्रजांनी ती अडवण्यासाठी गोळीबार केला, त्यात नऊ जर्मन मारले गेले. युद्ध थांबून सात महिने झाले होते, तरी माणसे मरायची थांबली नव्हती.

आता ही बुडालेली जहाजे काढायची कोणी? इंग्रज सरकारला त्यांची घाई नव्हती. कारण उघड होते. युद्ध नुकतेच संपलेले. तोफा, रणगाडे, जुनी जहाजे, गोळ्यांची टरफले, सगळीकडे मोडीचे ढीग पडलेले. बाजारात माल उदंड झाला की भाव पडतो, हे कांद्याच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. वर असलेल्या मोडीला गिऱ्हाईक नव्हते, तिथे समुद्राच्या तळची मोड काढायला कोण जाणार? पडू दे, गंजू दे, असा विचार करून सरकार स्वस्थ बसले.

पण दिवस सारखे राहत नाहीत. पोलादाच्या भट्टीला नुसते खाणीतले लोखंड पुरत नाही. जुने पोलाद त्यात घातले तर इंधन वाचते आणि काम लवकर होते. त्यामुळे भट्ट्यांना मोड लागतेच. तीन-चार वर्षांत युद्धाची मोड ओसरत गेली आणि चांगल्या पोलादाची मागणी वाढू लागली. मग लोकांची नजर स्कापा फ्लोकडे वळली. तिथे नुसते पोलादच होते असे नव्हे. लढाऊ जहाजाच्या अंगावर फूट-फूट जाडीचे निकेल मिसळलेले चिलखती पोलाद असते, आत तांब्याचे नळ, पितळेच्या झडपा, काशाचे पंखे, शिसे. पाण्याखाली एक खाणच होती म्हणा ना, आणि तीही गाळून शुद्ध केलेली.

इथे आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस येतो. त्याचे नाव अर्नेस्ट कॉक्स. जन्म १८८३ चा. तेराव्या वर्षी शाळा सुटलेली. पदवी नाही, पण यंत्राची जाण उपजत आणि हिंमत दांडगी. युद्धानंतर तो मोडीच्या धंद्यात होता. जुन्या इंग्रजी युद्धनौका विकत घेऊन तोडायच्या आणि पोलाद विकायचे. याच धंद्यात त्याने एक जर्मन तरंगती गोदी घेतली होती. तरंगती गोदी म्हणजे पोलादाची अवाढव्य पेटी. तिच्या पोटात पाणी भरले की ती खाली बसते. वर जहाज आणायचे आणि पाणी उपसायचे, की गोदी जहाजासकट वर येते. ही गोदी तोडून विकावी असा त्याचा मूळ विचार होता. तेवढ्यात एका डॅनिश मोड-व्यापाऱ्याने त्याला सुचवले, की तोडता कशाला, हिच्याच जोरावर स्कापामधली जहाजे उचला.

कॉक्सने आयुष्यात एक होडीसुद्धा पाण्याखालून काढलेली नव्हती. तरी त्याने सौदा केला. सव्वीस विनाशिका आणि दोन मोठ्या युद्धनौका, सगळ्या मिळून २४ हजार पौंडांना. विनाशिका म्हणजे हलके, वेगवान लढाऊ जहाज. सौदा फार स्वस्तात झाला असे कोणालाही वाटेल. पण मंडळी, एखादी वस्तू फार स्वस्त मिळाली तर आधी विचारावे, ती का स्वस्त मिळाली? विहिरीत पडलेली सोन्याची बांगडी स्वस्तच मिळते. पाण्यात उतरायची किंमत तिच्यात धरलेली नसते.

१९२४ साली कॉक्सने होय नावाच्या बेटावर लायनेस इथे ठाणे मांडले. त्याच्या हाताशी अर्नेस्ट मकीऑन आणि टॉमस मॅकेन्झी हे दोन जाणते स्कॉटिश गडी होते. कॉक्सने ती तरंगती गोदी मधोमध कापून तिचे दोन भाग केले. बुडालेल्या विनाशिकेच्या दोन बाजूंना हे दोन भाग उभे करायचे, पाणबुड्यांनी जहाजाच्या बुडाखालून साखळदंड ओवायचे, आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी कप्प्यांचे रहाट एका हाकेवर फिरवायचे. जणू दोन तीरांवर उभे राहून एकच मोट ओढायची. कोणी पुढे, कोणी मागे असे झाले तर मोट कलंडणार. यात समुद्रही मदतीला घेतला. ओहोटीला साखळ्या ताणून बांधायच्या. भरती चढली की गोदीचे भाग पाण्याबरोबर वर येतात आणि त्यांच्याबरोबर जहाजही तळ सोडते. कोकणातल्या श्रोत्यांना हे चटकन उमगेल. रुतलेले तारू काढताना नाखवा भरतीचीच वाट पाहतो.

पहिल्याच खेपेला साखळ्या तुटल्या. पैसा वाचवण्यासाठी कॉक्सने जहाजांच्या जुन्या साखळ्या वापरल्या होत्या. ताण पडताच एक कडी फुटली आणि मागोमाग बाकीच्या. तुकडे गोळ्यांसारखे उडाले. नशीब म्हणून कोणी दगावले नाही. मग त्याने निमूटपणे जाडजूड पोलादी तारेचे दोर विकत आणले. १ ऑगस्ट १९२४ रोजी व्ही-७० ही पहिली विनाशिका वर आली. त्यानंतर काम हातात बसले. एकामागून एक विनाशिका निघत गेल्या आणि १९२६ च्या मे महिन्यापर्यंत हे काम संपले.

इथवर कॉक्स थांबला असता तर तो कदाचित नफ्यात राहिला असता. पण त्याचे लक्ष मोठ्या जहाजांवर होते. आता लहान आणि मोठे यांत फरक काय, ते पाहा. विनाशिका हजार टनांच्या आसपासची. तिला दोरांनी उचलता आले. पण हिंडेनबुर्ग ही युद्धनौका सुमारे सातशे फूट लांब आणि २७ हजार टनांच्या घरातली. तिला उचलील असा दोर नाही आणि तशी गोदीही नाही. ती तळावर सरळ बसली होती, डोलकाठ्या पाण्याबाहेर. कॉक्सने ठरवले की तिची सगळी भोके बुजवायची आणि आतले पाणी पंपांनी उपसायचे. पाणबुड्यांनी सुमारे आठशे ठिगळे लावली. ठिगळांच्या फटी बुजवायला चरबी वापरली. काही दिवसांनी पाहतात तो फटींतून पाणी येतेच आहे. शोध केला तेव्हा कळले, की लहान मासे चरबी खाऊन टाकत होते! मग चरबीत सिमेंट मिसळले, तेव्हा कुठे माशांनी नाद सोडला.

त्यातच १९२६ साली इंग्लंडात कोळसा-खाणींचे काम बंद पडले. पंप चालवायला कोळसा हवा, आणि कोळशाचा भाव आभाळाला. कॉक्सने काय करावे? सायडलिट्स नावाची दुसरी युद्धनौका जवळच कुशीवर पडलेली होती. तिच्या पोटातली कोळशाची कोठारे भरलेली होती. त्याने तिची बाजू फोडली आणि सात वर्षे भिजलेला कोळसा काढून आपल्या पंपांना घातला. जर्मन सैन्याने लढाईसाठी भरलेल्या कोळशावर जर्मनीचेच जहाज वर येऊ लागले.

पण हिंडेनबुर्ग हट्टी निघाली. ती वर यायची आणि एका बाजूला कलायची. सप्टेंबर १९२६ मध्ये वादळ झाले, पंप बंद पडले, आणि महिन्यांची मेहनत पुन्हा तळाला गेली. या एका प्रयत्नात ३० हजार पौंड बुडाले असे सांगतात. ज्या सौद्याला २४ हजार मोजले होते, त्याच्याहून जास्त एका खेपेत गेले. दुसरा कोणी असता तर हात जोडून घरी गेला असता. कॉक्सने हिंडेनबुर्ग बाजूला ठेवली आणि मोल्टकेकडे वळला.

मोल्टके ही सुमारे २३ हजार टनांची नौका सत्तर फूट पाण्यात पालथी पडली होती. बूड वर, डेक खाली. तिच्या बुडावर समुद्रातल्या वेलींचे असे रान माजले होते की ते कुऱ्हाडींनी तोडावे लागले. तिला वर कसे काढले ते नीट ऐका, कारण त्यात शाळेत शिकवण्यासारखे शास्त्र आहे.

गुरुजी, वर्गात पाण्याची बादली आणि काचेचा पेला घ्या. पेला पालथा धरून सरळ पाण्यात दाबा. पाणी पेल्यात पूर्ण शिरत नाही, कारण आत हवा अडकलेली असते. आता पेला तसाच पाण्याखाली थोडा तिरपा करून आत पाणी येऊ द्या आणि पुन्हा सरळ पालथा धरा. मग एक रबरी नळी त्याच्या तोंडाखाली नेऊन फुंका. हवा वर चढते, पाणी खालून बाहेर जाते, आणि पेला हाताला वर ढकलू लागतो. मोल्टके म्हणजे असाच पालथा पेला. कॉक्सच्या माणसांनी तिच्या बुडाची भोके बुजवली आणि यंत्रांनी आत हवा कोंबली. पाणी खालच्या बाजूने निघून जाऊ लागले.

पहिल्यांदा तिचे नाकच तेवढे वर आले आणि शेपूट तळाशीच राहिले. आतले पडदे गळके होते, म्हणून सगळी हवा एका टोकाला धावत होती. तेव्हा माणसांनाच आत उतरणे भाग पडले. बुडाला भोक पाडून वर धुरांड्यासारखे पोलादी नळ उभे केले. त्यांना वर एक दार आणि खाली एक दार. माणूस वरच्या दाराने आत शिरतो, दार लावतो, हळूहळू हवेचा दाब वाढवतो, मग खालचे दार उघडतो. आत काळोख, चिखल, तेलाचा वास, आणि सगळे उलटे. छत पायाखाली आणि जमीन डोक्यावर. अशा ठिकाणी माणसे एकेक कप्पा बुजवत गेली.

बाहेर येतानाही घाई करून चालत नसे. सोडावॉटरच्या बाटलीचे बूच एकदम काढले तर काय होते? सगळीकडे बुडबुडे येतात. दाबाच्या हवेत काम केलेल्या माणसाला एकदम बाहेर काढले तर त्याच्या रक्तात तसेच बुडबुडे होतात. सांधे धरतात, माणूस लुळा पडतो, कधी जीवही जातो. म्हणून त्या नळात बसून दाब हळूहळू उतरू द्यावा लागे. धंद्यात मालक घाई करतो. शरीर ती घाई सोसत नाही.

जून १९२७ मध्ये मोल्टके वर आली. वर येताना ती अचानक उसळली, कारण जहाज जसे वर येते तसा बाहेरच्या पाण्याचा दाब कमी होतो आणि आतली हवा फुगते. दोन्ही बाजूंनी पांढरे फवारे उडाले आणि गंजलेले प्रचंड बूड एखाद्या देवमाशाच्या पाठीसारखे पाण्यावर दिसू लागले.

आता मात्र आपल्या भंगारवाल्याचे दुसरे वाक्य आठवा. हे लोखंड न्यायचे कसे? जहाज तोडायची मोठी सुकी गोदी होती रोसाइथला, एडिंबरा शहराजवळ. अंतर अडीचशे मैलांच्या वर, आणि मधला समुद्र खवळलेला. जहाज सरळ करणे शक्य नव्हते. तेव्हा कॉक्सने ते पालथेच न्यायचे ठरवले. १८ मे १९२८ रोजी तीन टग बोटींनी मोल्टकेला ओढायला सुरुवात केली. गंमत अशी की त्या टग बोटीही जर्मनच होत्या. पालथ्या बुडावर एक लाकडी झोपडी बांधली होती, त्यात माणसे राहत होती, आणि शेजारी हवा भरणारी यंत्रे सतत चालू होती. वाटेत वादळाने गाठले. लाटांच्या हेलकाव्याने खालून हवा निसटू लागली आणि बूड हळूहळू पाण्यात बसू लागले. यंत्रे बंद पडली असती तर सगळा खेळ संपला असता. ती बंद पडली नाहीत.

रोसाइथ जवळ आले तशी नवी अडचण. तिथे फोर्थ नदीच्या मुखावर १८९० साली बांधलेला रेल्वेचा मोठा पूल आहे आणि त्याचा मधला खांब एका खडकाळ बेटाच्या आधारावर उभा आहे. जहाज पुलाखालून न्यायला दोन वाटाडे आले, एक सरकारी आरमाराचा आणि एक बंदराचा. दोघांत वाद जुंपला की जहाज कोणाच्या ताब्यात. वाद चालू असताना ओघाने टग बोट त्या बेटाच्या एका बाजूला गेली आणि मोल्टके दुसऱ्या बाजूला! शेवटी दोर कापावे लागले. तेवीस हजार टनांचे पालथे लोखंड, ज्याला सुकाणू नाही, इंजिन नाही, एकटेच पुलाखाली शिरले. वर रेल्वेचा पूल, खाली हे धूड. सुदैवाने ते खांबाला न घासता पलीकडे निघाले. दोन शहाण्यांच्या भांडणात बैलगाडी आपोआप घरी पोचावी, तसे झाले.

मोल्टकेनंतर सायडलिट्स, कैसर, ब्रेम्झे अशी जहाजे निघाली. १९३० च्या जुलैत कॉक्सने हट्टी हिंडेनबुर्गलाही वर काढले. या वेळी एका विनाशिकेचा तुकडा काँक्रीटने भरून तिच्या बुडाखाली टेकू म्हणून दिला, तेव्हा तिचे कलणे थांबले. पुढे फॉन डेर टान आणि प्रिन्झरेगेंट लुइटपोल्ड ही दोन जहाजे काढून १९३१ साली त्याने काम सोडले. शेवटच्या जहाजात साचलेल्या वायूचा स्फोट झाला आणि त्यात एक कामगार गेला.

आणि हिशेब? सात वर्षे, दोन डझनांहून अधिक विनाशिका, सात मोठी जहाजे, हजारो टन पोलाद. एवढे करून कॉक्सला सुमारे दहा हजार पौंडांचा तोटा आला असे सांगितले जाते. त्यातच जगभर मंदी आली होती आणि पोलादाचा भाव घसरला होता. ज्या भावाच्या आशेने काम धरले, तो भाव काम संपेपर्यंत टिकला नाही. पीक उभे असताना एक भाव आणि खळ्यावर आल्यावर दुसरा, हे दुःख शेतकऱ्याला परके नाही.

मग ह्या धंद्यात कोणालाच नफा नव्हता का? होता. कॉक्सच्या नंतर मेटल इंडस्ट्रीज नावाची कंपनी स्कापामध्ये आली. तिने कॉक्सचाच हाताखालचा माणूस, मॅकेन्झी, कामावर घेतला. पालथे जहाज हवेने कसे काढायचे, फटी कशाने बुजवायच्या, कुठे घाई करू नये, हे सगळे त्याला आता पाठ होते. चुकांचे पैसे कॉक्सने भरून झाले होते. या कंपनीने बायर्नपासून डेर्फलिंगरपर्यंत पाच वर्षांत आणखी सहा प्रचंड जहाजे काढली आणि नफा केला. पहिला माणूस पायवाट पाडतो, दुसरा त्या वाटेने गाडी नेतो. गाववाल्यांच्या आठवणीत मात्र पायवाट पाडणाराच राहतो. कॉक्सचे तसेच झाले. तो १९५९ साली वारला.

सात मोठी जहाजे आजही स्कापाच्या तळाशी आहेत. ती कायद्याने जपलेली आहेत आणि दूरदूरचे पाणबुडे ती पाहायला जातात. त्या पोलादाची एक नवलाई सांगतो. १९४५ साली अणुबाँबचे स्फोट झाले, पुढे चाचण्या झाल्या, आणि जगाच्या हवेत किरणोत्सर्गी अंश मिसळले. पोलाद बनवताना भट्टीत हवा लागते, म्हणून ते अंश नव्या पोलादात शिरले. अतिसूक्ष्म किरण मोजणाऱ्या उपकरणांना जुने, निर्मळ पोलाद हवे असते. अणुयुगाच्या आधी बुडालेल्या जहाजांचे पोलाद त्यासाठी काही दशके मोलाचे ठरले. एका युद्धाची मोड दुसऱ्या युद्धाच्या परिणामांवर उतारा म्हणून कामी आली.

श्रोते हो, ही गोष्ट परमुलखातली. पण असाच एक प्रवास आपल्या मुंबईनेही पाहिला आहे. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू युद्धनौका. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने ती हर्क्युलीस या नावाने बांधायला घेतली, पण ती पुरी होण्याआधीच युद्ध संपले. म्हणजे तीही एका अर्थी युद्धातून उरलेला मालच. भारताने ती १९५७ साली विकत घेतली, पुरी करून घेतली, आणि १९६१ साली ती आपल्या आरमारात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिने बंगालच्या उपसागरात मोठी कामगिरी केली. १९९७ साली ती निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून राहिली. शाळेच्या सहली तिच्यावर जात. पण जुने जहाज पाण्यात उभे ठेवायलाही खर्च लागतो. तळ झिजत होता, निधी जमत नव्हता. शेवटी २०१४ साली तिचा लिलाव साठ कोटी रुपयांना झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात टग बोटींनी तिला नौदलाच्या गोदीतून दारूखान्याला ओढत नेले. दारूखाना म्हणजे मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरचा जहाजे तोडण्याचा जुना भाग. लोकांनी न्यायालयात दाद मागितली, पण ती फेटाळली गेली, आणि नोव्हेंबरात तोडकाम सुरू झाले. तिच्या धातूचा काही अंश पुढे बजाज कंपनीने २०१६ साली काढलेल्या एका मोटारसायकलीत घातला. २०२२ साली विक्रांत याच नावाची, भारतातच बांधलेली नवी विमानवाहू नौका आरमारात आली. नाव पुढे गेले, लोखंड भट्टीत गेले.

विक्रांत दारूखान्यात तुटत होती तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. ती साहजिक होती. पण एका गोष्टीकडे कमी लोकांनी पाहिले. तिच्या अंगावर चढून गॅसच्या ज्योतीने पोलाद कापणारे हात कोणाचे होते? दारूखान्यात काय किंवा गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर काय, हे काम करणारे बहुतेक परगावाहून आलेले गरीब मजूर असतात. अंगावर पडणारा पत्रा, टाकीत साचलेला वायू, जुन्या जहाजातले ॲस्बेस्टॉस, हे धोके त्यांच्या वाट्याला येतात. भारताने २०१९ साली जहाज मोडण्याचा कायदा केला, आणि या कामासाठी झालेला आंतरराष्ट्रीय करार २०२५ च्या जूनमध्ये अंमलात आला. कायदा झाला हे चांगले झाले. तो मजुराच्या डोक्यावरच्या टोपीपर्यंत आणि तोंडावरच्या फडक्यापर्यंत पोचला की त्याचे काम पुरे झाले म्हणायचे.

तेव्हा पुढच्या वेळी दारात भंगारवाला आला की त्याच्याशी घासाघीस जरूर करा. तो तुमचा हक्कच आहे. पण काट्यावरचे वजन पाहताना एवढे मनात असू द्या, की त्या फाळाचा पुढचा प्रवास अजून व्हायचा आहे. कोणीतरी तो उचलणार, गाडीत घालणार, मोठ्या ढिगात टाकणार, कोणीतरी भट्टीपाशी उभे राहून तो वितळवणार. कॉक्सने समुद्राच्या तळचे लोखंड स्वस्तात घेतले आणि वर आणताना त्याची खरी किंमत त्याला कळली. आपण ती घरबसल्या, फुकटात ऐकली. एवढा नफा आजच्या दिवसाला पुष्कळ झाला.